का

फोन टपरीवरून गायब झाला
आणि कुणी घेतला, हे विचारायची गरजच पडली नाही.
हमादी. तिसऱ्या मजल्यावरचा.
आईच्या किडनीसाठी पेम्बा बेटावरून आलेला.
माझी आत्या त्यांच्याकडून खोलीचं दीडपट भाडं घेते
आणि जिन्यात भेटला तर ओढणी नाकाला लावते.

आम्ही सातजण धावलो. मी पुढं.
तांडेलाचा पोर मी, सारसोळ्याची खाडी माझ्या बापाची,
असं सोळाव्या वर्षी वाटायचं.
तो जेट्टीवरून तिवरात शिरला.
सहाजण काठावर थांबले,
चपला नव्या होत्या त्यांच्या.
मी शिरलो, शिव्या देत.
त्यातली एक त्याच्या रंगाची होती.
ती इथं लिहीत नाही.
तेव्हा मात्र दोनदा दिली.

मग चिखलानं पोटऱ्या घेतल्या, मांड्या घेतल्या,
कमरेशी येऊन जरा थांबला.
अमावस्येचं उधाण. दिवेलागण.
निवट्या उड्या मारत वर सरकायला लागल्या,
त्यांना आधी कळतं.
मी काठाकडं बघून ओरडलो, "आरं, दोरी टाका!"
काठावर कुणी नव्हतं.

"लाला!" तिवरातून आवाज.
"लाला! लाला!"
मला वाटलं, बोलावतोय कुणाला तरी.
तो पोटावर आडवा झाला, हात पसरले,
आणि चिखलावरून सरपटत माझ्याकडं आला,
ज्याला मी पळवत आणलं होतं तो, माझ्याकडं.
लाला म्हणजे झोप.
उभा राहशील तर जाशील, आडवा हो.
बापानं हेच शिकवलं होतं मला
पाच वर्षांचा असताना. भीतीनं पुसून गेलेलं.
मी पाठीवर पडलो. त्यानं शर्टाचा पीळ करून
माझ्या काखेतून घातला
आणि ओढलं. बराच वेळ ओढलं.

मग एकाच तिवरावर दोघं, रात्रभर.
पाणी छातीपर्यंत आलं. हनुवटीला लागून थबकलं.
पाम बीच रोडवरून गाड्या जात होत्या,
दिवे आमच्यावरून फिरवत.
मच्छरांनी दोघांना सारखंच खाल्लं.
मी विचारलं, तोडक्यामोडक्या हिंदीत,
"फोन तूने लिया का?"
त्यानं शेवटचा शब्द तेवढा पकडला.
"का!" म्हणाला, एकदम खूश,
आणि माझ्या खांद्याशी चढणारी
अंगठ्याएवढी चिंबोरी दाखवली.
त्यांच्याकडं तिला का म्हणतात.
मला हसू आलं. दात वाजत होते तरी आलं.
मग शब्दच काढत बसलो.
नांगराला नांगा. रंगाला रंगी.
रंगी म्हणाला तेव्हा मी गप्प झालो.
त्यानं दुसरीकडं बघितलं.
शिवी त्याला कळली होती,
भाषा येत नसताना.

पहाटे ओहोटीबरोबर बाहेर आलो.
जेट्टीवर माझी आई, त्याची आई
हाताला सलाईनची सुई तशीच,
आणि निम्मं गाव.
कुणीतरी म्हणालं, बघा, चिखलात दोघं सारखेच दिसतायत.
चांगल्या मनानं म्हणालं असेल.
पण नव्हतो आम्ही सारखे.
माझ्यावरचा चिखल वाळून पांढुरका झाला होता
आणि त्याच्या पाठीवर, मला ओढताना,
कालवांच्या शिंपल्यांनी चिरे पडले होते.
माझ्या अंगावर ओरखडा नव्हता.

फोन दोन दिवसांनी सापडला, बाकाच्या फटीत.
त्याला सांगायला कुणी वर गेलं नाही.
मी गेलो. चौथ्या पायरीवरून परत आलो.
मग पुन्हा गेलो.
दोन्ही शब्द सांगितले, फोनचाही आणि माझाही.
तो दारात उभा राहून ऐकत होता.
माफ केलं असं काही म्हणाला नाही.
म्हणाला, उद्या ओहोटी किती वाजता?

आत्या भाडं अजून दीडपटच घेते.
ते सहाजण आता मला नाक्यावर हाक मारत नाहीत,
मारली तर एवढंच विचारतात,
"त्या काळ्याबरोबर फिरतोस, का?"
मी हातातली पिशवी उघडतो.
"का," म्हणतो, "ही बघ. आज सात मिळाल्या."