वहीतली मिनिटं

तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
जिन्याखालच्या खोलीत दोन सर्व्हर
आणि एक यूपीएस, धुळीची घोंगडी पांघरलेला.
तिघांची ओळख कुणी करून दिली नव्हती.
यूपीएसच्या पाठीत जोडायची वायर
अजून पिशवीत, गाठ मारलेली,
दोन वर्षांपूर्वीच्या बिलासकट.

म्हणजे लाईट गेली की बॅटरी ओरडायची
आणि सर्व्हरला ते ऐकूच जायचं नाही.
काम करता करता मरायचा,
अर्ध्या पावतीवर.

मी गाठ सोडली. वायर जोडली.
विचारलं, किती वेळ धरशील?
पडद्यावर आलं: सत्तेचाळीस मिनिटं.

दारात तायाप्पा ऐवळे, रात्रपाळीचे.
"म्याडम, त्येचं ऐकू नगा. खोटं बोलतंय ते."

आणि वही आणली.
जुन्या पावत्यांच्या कोऱ्या पाठी, सुतळीनं शिवलेल्या.
पेन्सिलीत तीनच रकाने:
तारीख, गेली, ओरडायची थांबली.
आषाढात एकतीस मिनिटं.
दसऱ्याला चोवीस.
संक्रांतीच्या आदल्या रात्री सतरा.
मग दोन पानं बेदाण्याच्या साखरेनं चिकटलेली,
सोडवायला गेले तर फाटली.
त्यानंतर नऊ.
परवाही नऊ.

कुणी सांगितलं होतं लिहायला?
"कुणी न्हाई. जाग ऱ्हाती."

सांगलीत दहा ठिकाणी मी आलेख लावून दिलेत,
इतका स्वच्छ उतार एकातही पाहिला नाही.

सत्तेचाळीस खोडले.
नवातले चार धरले, पाच हातात ठेवले.
लिहीत गेले:
लाईट गेल्यावर दोन मिनिटं थांब, मग कळव.
चौथ्या मिनिटाला आवरायला घे.
आधी कॅमेरे. मग बिलांचं मशीन.
सगळ्यात शेवटी ते, ज्याला ठाऊक आहे
की तीन नंबरच्या चेंबरमध्ये उजवीकडून पाचवी थप्पी
सावळजच्या अक्काताई बंडगरांची.
आणि एकदा निजायला लागलास
की लाईट परत आली तरी वळून बघायचं नाही.
पूर्ण नीज.
यूपीएस तुझा श्वास तोडेल, वीस सेकंद मोजेल,
पुन्हा देईल.
नाहीतर खोलीत उजेड आलेला असतो
आणि मशीन अंधाराचाच हुकूम धरून बसतं.

"तायाप्पा, मेन पाडा."
हात खटक्यावर, पण हलेना.
अकरा वर्षांत तो त्यांनी फक्त वर केला होता.

पाडला.
कॉम्प्रेसर थांबला आणि कुठल्याशा नळीतून
पाणी उतरताना ऐकू आलं,
जे एरवी कधी ऐकू येत नसणार.
बॅटरी ओरडू लागली.
तायाप्पा मनगटाकडे बघत राहिले, मी पडद्याकडे.
एक दिवा विझला. दुसरा. बराच वेळ काही नाही.
मग तिसरा.
"ह्ये बरंय," म्हणाले. "सांगून जातंय."

नव्या बॅटऱ्या लागतील, असं लिहून दिलं.
मालक म्हणाले, सौदे होऊ देत.

निरोप कुणाला पाठवायचा, मशीननं विचारलं.
मालकांचा नंबर. माझा.
तिसरी जागा रिकामी होती, तायाप्पांचा घातला.
त्यांच्या बटणाच्या फोनवर मराठी नुसते चौकोन दिसतात.
"लाईट गेली" म्हणजे चौकोनांचे दोन पुंजके.
पुरतात, म्हणाले.

गुरुवारी रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी
सांगलीत माझा फोन थरथरला.
सकाळी तासगावला गेले, वही बघितली.
दोन नऊ.

आधी मशीनचाच राग आला.
घड्याळ तपासलं, वायर तपासली.
मग आठवलं, दोन मिनिटं थांब, मग कळव,
हे मीच लिहिलं होतं.

तायाप्पांना तसं कुणी
काही लिहून दिलेलं नव्हतं.