दुसरी खेप

पहिल्या खेपेची गोष्ट सगळ्या दिवाडीला ठाऊक आहे.
गेल्या बोंदेराच्या गर्दीत ऑर्विलने माझा हात धरला,
म्हणाला, तू मागच्या जन्मीची माणकुली.
मी हसले. त्याच्या फोटाशात अजून एक हिरवं फळ अडकलेलं होतं.
मग त्याने सांगितली माझ्याच स्वप्नातली होडी,
तिची तळाची फळी, फळीला भोक,
भोकात कोंबलेला काथ्या,
आणि माझं हसू
मानशीच्या दारासारखं खाडकन बंद झालं.

वर्षभर आम्ही जन्मोजन्मीचे होतो.
त्याच्या स्कूटरवर, खाजनाच्या बांधावर,
माझा अकाउंट्स राहिला तरी.

आणि आता साईश.
नार्व्याचा. सातच्या फेरीने इकडे येतो
शाळेच्या भिंती रंगवायला.
पहिल्या दिवशी धक्क्यावर मला बघितलं
आणि डबा सुटला हातातून. पिवळा ऑइलपेंट
उतरणीवरून थेट नदीत.
म्हणाला, तू आली नाहीस.
एवढंच.
साडेचारशे वर्षांची तक्रार
इतक्या हळू आवाजात कुणी करतं का?

दोघांना तीच रात्र आठवते.
देव पाटीत, पाटीवर पेंढा.
देव सोडवेना ते होडीत बसले,
शेत सोडवेना ते काठावर राहिले.
साईश होडीत. ऑर्विल काठावर.
माणकुलीचं एक पाऊल पाण्यात, एक चिखलात,
इथवर दोघांचं जुळतं.
पुढे एक म्हणतो, ती थांबली होती, माझ्यासाठी.
दुसरा म्हणतो, निघाली होती, माझ्याकडेच,
पाणी आडवं आलं.
मग दोन वाड्यांच्या निशाणांसारखे
माझ्यासमोर फडफडतात.
तूच सांग, म्हणतात. तूच तर होतीस.

मला आठवतात तळहात.
ओल्या दोराने सोललेले.
ओहोटी होडीला समुद्राकडे ओढतेय
आणि बांबू तळाला टेकत नाही.
दिवा लावायचा नाही. कुणाचं मूल खोकलं,
आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.
आणि मागे, छातीएवढ्या पाण्यात, एक मुलगी.
तिचा हात वर.
कुणाला बोलावत होती ते कळलं नाही.
मी पाहिलं.
मी बांबू रेटला.
मी वळलो नाही.

वहीत लिहायला गेले, वळले नाही.
पेनातून उतरलं, वळलो.
खोडलं. पुन्हा वळलो.
रात्रीचे दोन वाजले होते. खाली फ्रिज गुरगुरत होता.
माणकुली नव्हतेच मी.
मी तारी होतो.
नाव कुणी विचारलं नाही असा,
तारी म्हटलं की ओ देणारा.
त्या दोघांनी ओळखले ते माझे डोळे.
ती शेवटची त्यांत होती.

सांगू का त्यांना?
ऑर्विल मला तिच्या आवडीची अबोली आणतो,
साईश डब्यातली अर्धी भाकरी काढून ठेवतो.
मला दोघंही आवडतात, वेगवेगळ्या वारांना.
पण बोलतात ते माझ्याशी
खिडकीशी बोलावं तसे,
आत कुणी आहे समजून.
आणि अबोलीने मला शिंका येतात.

शनिवारची शेवटची फेरी.
साईश आत, ऑर्विल धक्क्यावर,
नेहमीसारखे आपापल्या जागी.
मी उगाच चढले, भाडं लागत नाही म्हणून.
रॅम्प अर्धा वर गेला
आणि उतरणीवरून कुणी मुलगी धावत आली.
खांद्यावर पिशवी, एका हातात चप्पल,
दुसरा हात वर.

ऑर्विल फोनमध्ये बघत होता. साईश पाण्यात.

थांबवा, मी ओरडले.
असा आवाज माझ्याकडे होता हे मलाच माहीत नव्हतं.
खलाशाने शिवी दिली, साखळी सोडली,
रॅम्प परत चिखलात टेकला.

ती चढली. धापा टाकत माझ्याशेजारी उभी राहिली,
ना साईशकडे बघितलं, ना धक्क्याकडे.
चप्पल पायात सरकवत म्हणाली,
देव बरें करूं.