५८९

खारघर, रात्रीचे सव्वाअकरा.
घरतमामांनी शिशाचं दार ओढून घेतलं,
दोनदा खडखडवून पाहिलं.

टायटॅनियमच्या पापुद्र्यातून इलेक्ट्रॉन सुटले
आणि पलीकडली वीतभर हवा
जांभळं खाल्लेल्या जिभेसारखी झाली.

मी तिला हात लावत नाही.
फक्त तिचा उजेड काचतंतूतून इकडे आणते
आणि रेघा वाचते:
३३७ नायट्रोजन. ३९१ तोच,
एक इलेक्ट्रॉन गमावून बसलेला.
दोघींच्या उंचीवरून तिचा ताप कळतो.

आज मात्र ५८९ वर
एक पिवळी काडी उभी.
आरसा पुसला, फटीची रुंदी बदलली,
अंधारसुद्धा मोजून वजा केला.
जाईना.

"सांजचे खिरकी उगरी होती,"
मामा माझ्या खांद्यामागून पडद्याकडे बघत,
"खारीचा वारा शिरला आसंल. मीठ हाय त्या."
त्यांच्या बापाचं आगर होतं म्हणे,
सेक्टर पडायच्या आधी.

सोडियमच ते. मी नोंदवहीत
'अशुद्धी' लिहिलं, मग पेन तसंच धरून बसले.

बीम बंद. ओझोन निवळेपर्यंत वीस मिनिटं.
मामांनी डबा उघडला,
सुकटीचं आंबट बोटाने चाखलं:
"मीठ कमी परलंय."