एक्सपोर्ट

सर म्हणाले, आधी प्रत्येक प्रोग्रामच्या पोटातच
पत्ते कोरलेले असत:
घर कुठलं, टर्मिनल कुठलं,
हत्यारं कुठल्या कपाटात.
कपाट हललं की प्रोग्राम आंधळा.

ओरसच्या लॅबमध्ये वीज येऊन-जाऊन.
मी वहीत लिहिलं: एकोणऐंशी, युनिक्स, सातवी आवृत्ती.
आणि आठवली आमची जुनी होडी,
नाळेवर पटाशीनं खोदलेलं 'आचरा',
विकली तेव्हा रंधा मारूनही न गेलेलं.

सातव्या आवृत्तीत कुणाला तरी सुचलं,
पोराला जन्मताच एक बोचकं द्यावं.
नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत.
होम बरोबर अमुक. पाथ बरोबर तमुक.
स्टॅकच्या माथ्याशी ठेवायचं,
ते चालू लागण्याआधी.

बाबल सारंग, माझा बाप, हेच करायचा.
नवा खलाशी मचव्यावर चढला
की त्याच्या कानाशी वाकून:
घुमटी आणि वाकडो माड एका रेषेत इले
की खाली खडप, जाळा टाकू नको.
घुमटी डावीकडे सरकली, मगे बघ सुरमई.

पोरगं प्रत घेऊन जायचं.
वेरावळच्या ट्रॉलरवर खुणा खोडून
जीपीएसचे आकडे भरायचं.
इकडे बापाचं बोचकं जसंच्या तसं.
वाकडा माड वादळात पडला त्याला सहा वर्षं झाली,
बाबलच्या तोंडी अजून उभा.

मी हात वर केला:
पोरानं बदललेलं बापाला कळतं कसं?
नाही कळत. डस्टर झटकत सर म्हणाले,
संपताना पोर एक आकडा देतं फक्त.
शून्य म्हणजे सगळं ठीक.

पुण्याहून दर रविवारी मी फोन करते.
बरां आसा, म्हणते. ठेवते.

आणि सर घाईत, घंटा झाल्यावर, म्हणाले होते,
जे एक्सपोर्ट केलं नाही
ते पोराच्या बोचक्यात येतच नाही.

मालवणच्या दवाखान्यात, सलाईन अर्धी,
बाप झोपेत ओरडला,
"बुधाजी, दोर सोड!"
आईला विचारलं. काकाला. जेटीवरच्या म्हाताऱ्यांना.
कोण बुधाजी, कुणालाच ठाऊक नाही.

त्या रात्री लॅपटॉप उघडून मी ते नाव टाइप केलं.
एको, डॉलर, बुधाजी.
एक रिकामी ओळ आली.
नाव कधी ठेवलंच नव्हतं,
की ठेवून रिकामं केलं होतं,
ओळ दोन्हींची सारखीच दिसते.