चुंबक

मनसरचा काळा दगड, सिलेवाड्याचा कोळसा
आणि सातपुड्यातून उतरलेली कन्हान –
तिघं भेटायचे
बापाच्या रातपाळीत.

झिबल बोरकुटे, टोकन चारशे सात.
पहाटे भट्टी फोडायचे
तेव्हा पलीकडच्या काठावर
ढिवरांची जाळी तांबडी दिसायची.
आई त्या उजेडात तांदूळ निवडून घ्यायची.

मग वीज महागली म्हणे.
बाहेरचा माल स्वस्त म्हणे.
नोटीस इंग्रजीत होती.

यंत्रं भंगारात किलोवर गेली.
मळीचा डोंगर उरला होता,
तोही आता ठेकेदार रिंगरोडच्या पोटात घालतो.
आणि नदीची रेती रात्री टिप्परनं
नागपुरात जाते,
बाराव्या मजल्यावर चढते.

उरलेल्या रेतीत मी टरबुजं लावते.
पोरगा फुटक्या स्पीकरचं चुंबक
सुतळीला बांधून काठाकाठानं ओढत फिरतो;
घरी येईस्तोवर
त्याला काळी मिशी फुटलेली असते.

बाप बाजेवरून हात लांब करतो.
मिशी चिमटीत धरतो,
नखावर चोळतो,
डोळे बारीक करून बघतो, जणू
समोर अजून धग आहे.

"कच्चंच हाये," म्हणतो,
"राहू दे जरासक."