किमान पंचवीस

तलाव आमचा कागदावर त्रेसष्ट हेक्टर.
हैदराबादचा माणूस फोनवर म्हणाला,
मॅडम, किमान ऑर्डर पंचवीस चौरस किलोमीटर.
त्याहून लहान तुकडा आम्ही तोडत नाही.
सयत्राबाई शेजारून म्हणाल्या,
"म्हणजे अर्धा मरळ देत नाई, असाच ना?"

संस्थेच्या खात्यात एका हंगामाचे झिंगे होते,
दोन लिलाव, आणि नव्या जाळ्यासाठी ठेवलेले काही.
नवा फोटो महाग, त्यासाठी उपग्रहाला
मुद्दाम इकडं तिरपं व्हायला सांगावं लागतं.
जुना स्वस्त. कधीतरी वरून जाता जाता काढलेला,
कुणी मागितला नाही म्हणून पडून राहिलेला.
आम्हाला जुनाच हवा होता,
तलावाच्या पोटात पाटलाच्या बांध्या
सरकायच्या आधीचा.

दोन हजार अकरा, नोव्हेंबर, सकाळचे दहा सदतीस.
ढग चार टक्के.
एक ठिपका म्हणजे अर्धा मीटर:
माणूस दिसत नाही,
म्हैस दिसते, पण म्हैस म्हणून नाही.

फाइल रात्रभर उतरत होती.
अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर लाइन गेली.
दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून.

साकोलीचा फ्लेक्सवाला म्हणाला, सहा बाय आठ बसेल.
मग सवयीनं विचारलं,
"खाली शुभेच्छुक कोन टाकू?"

समाजमंदिरात अंथरला.
परसराम दिघोरे चपला काढून सरळ पाण्यावर बसला,
बोटानं पाळ धरून चालत गेला,
सांडव्याशी थांबला, तिथून वर, पुंजण्यांच्या ठिपक्यांकडं.
पाटलाची एक बांधी नाही!
पोरं ओरडली. कुणीतरी फटाके आणायला निघालं.

परसरामचं बोट मात्र उत्तरेला अडकलं होतं.
तिथं, पाण्याच्या आत, चौकोनी हिरवं काहीतरी,
पोस्टाच्या तिकिटाएवढं.
तेव्हाही होतं. तेव्हाच होतं.
कुणाचं, ते सगळ्यांना माहीत.
सयत्राबाईंच्या सासऱ्यानं रोवलेलं, अजून पिकतं,
गेल्या दिवाळीत त्याच धानाचे पोहे
आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

फटाकेवाला दारातच थांबला.
"एवढाच भाग कापता येते का?" नंदलालनं हळूच विचारलं.
कात्री घरात होती, सगळ्यांच्याच घरात असते.

सयत्राबाई खूप वेळ बघत राहिल्या.
घरी कोण जेवायचं राहिलंय, असं काही आठवत असाव्यात.
मग म्हणाल्या, "पैसे तं पंचविसाचे देल्ले ना."
लाल स्केचपेन मागितला.
पाटलाच्या जागेपासून रेघ निघाली, मध्येच पेन सुकला,
तोंडाची वाफ देऊन पुन्हा चालवला,
आणि ते तिकीट रेघेच्या आत गेलं,
पाण्याकडं.

मंगळवारी तहसीलला सुनावणी.
फ्लेक्स गुंडाळला तेव्हा तलाव आत गेला
आणि शेजारची तीन गावं बाहेर राहिली,
ज्यांना आम्ही विकत घेतल्याचं
अजून माहीत नाही.

एसटीत तो उभा मावेना.
कंडक्टरनं विचारलं, "यात काय आहे, बाई?"
"तलाव."
त्यानं सामानाचं तिकीट फाडलं.