सातवा पाणकावळा

या गावाचं नावच अल खोर.
खोर म्हणजे समुद्राचं आत शिरून थोपलेलं पाणी,
तळ्यासारखं, काठाला तिवरं.
आमच्या भाषेत खोर नुसता मागे लागतो:
भांडखोर, चहाडखोर, दिवाळखोर.
पहिल्या दिवशी हसलो होतो, व्हॅनमध्ये, एकटाच.

मग दोन वर्षं दर सोमवारी येत राहिलो
इथल्या चित्रसंग्रहालयात,
शिडी, पाने, हवेतला ओलावा मोजायचं यंत्र घेऊन.
चित्रं पाहिली नाहीत असं नाही,
पण छतातल्या जाळीपुरती.
कुठल्या जाळीखाली काय टांगलंय, एवढंच.

आज सुट्टी. इस्त्रीचा शर्ट. हात मोकळे, म्हणून कुठे ठेवावेत कळेना.
दाराशी दिलदार होडेकर, हर्णैचा.
"पिशवी नाय आज? मग पाव्हणा तू. बूट पूस."

पहिल्या दालनात कुणा मास्तरांची पेन्सिल:
मोती काढणाऱ्यांची नाकं, चिमट्यासकट.
पुढे एका ड्रायव्हरनं स्वतःच्या लॉरीचं केलेलं चित्र,
चाकं जरा मोठीच, प्रेमानं.
तिसऱ्यात आफ्रा बिंत जुमआ,
मुलींना शिवण शिकवायची म्हणे, आणि संध्याकाळी हे:
ओहोटीचं खोर, कुशीवर कलंडलेल्या होड्या,
ताकाच्या निवळीसारखं पाणी,
वर आभाळच आभाळ, त्यात पाणकावळ्यांची रांग.

शाळेची मुलं आलेली. बाई विचारतात, किती?
सगळी एका सुरात ओरडतात: सब्अ!
होडेकर कानाशी येतो.
"पाटीवर सहा लिवलेत. पोरं सात मोजतात.
मॅडम म्हणते, पाटी चुकली."

मुलं गेल्यावर मी जवळ गेलो.
सहांना पंख आहेत, ब्रशचा एकेक फटकारा.
सातव्याला नाहीत.
तो करडा, कडेनं मऊ,
पिंजलेल्या कापसाचा एक कण.

मला त्याची जन्मतारीख ठाऊक आहे.
ऑगस्ट, गुरुवारची रात्र, कॉम्प्रेसर बसला,
सुटा भाग रविवारशिवाय मिळणार नव्हता,
आणि यंत्र सांगत होतं अठ्ठ्याहत्तर.
मी रजिस्टरमध्ये बावन्न लिहिलं.
तीन रात्री बावन्न. अक्षर चांगलं काढून.

सावंतवाडीला, मोती तलावाच्या मागच्या गल्लीत
काकी लाकडी फळं रंगवायची.
जुलैत सकाळी दारात उभी राहून
हाताची मागची बाजू हवेला लावायची.
"आज नको. आज लाख रडेल."
आणि दिवसभराचा रोज सोडून फणस, आंबे, सीताफळं
कोरीच फडताळात ठेवून द्यायची.
तिच्याकडे यंत्र नव्हतं. रजिस्टरही नव्हतं.

सांगावं, तर उद्या पाणकावळा खरवडतील.
मुलं पुन्हा मोजतील, एक कमी भरेल.
न सांगावं, तर बुरशीला एकटं राहवत नाही,
आठ होतील, अकरा होतील,
मग आभाळभर थवा, आणि आफ्राबाईंचं पाणी दिसेनासं.

बाहेर पडताना अभिप्रायाची वही.
वर कुणीतरी लिहिलेलं: छान, थंडगार.
मी खाली तारीख घातली, तीच, ऑगस्टची,
आणि मराठीत, अक्षरी: अठ्ठ्याहत्तर.
मग पूर्ण नाव.
या इमारतीत ते वाचू शकणारा एकच माणूस,
हर्णैच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला,
माझ्या खांद्यावरून वाकला.
"अठ्ठ्याहत्तर? काय, अठ्ठ्याहत्तर?"

सांगतो म्हटलं. चल आत, दाखवतोच.
आणि आम्ही दोघं पुन्हा तिसऱ्या दालनात.
तो अजून उडतच होता,
रांगेपासून थोडं अंतर राखून,
शब्दाच्या मागे लागलेल्या खोरसारखा.